किरायाच्या घराची तारीख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्यासपीठावरून दरवर्षी आपण शिक्षणावर, आहारावर, मुलांच्या संगोपनावर चांगली भाषणे ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी विषय कळवला, ‘किरायाच्या घराचा करार संपतो तेव्हा’. त्या हसून म्हणाल्या, “बाई, हा तर वकिलाचा विषय झाला!” मी वकील नाही हे आपण सर्वजणी जाणताच. परंतु १९९३ पासून २०१५ पर्यंत बावीस वर्षे मी या गावात किरायाच्या खोल्यांत संसार केला, आणि गेली काही वर्षे माझ्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी किरायदार ठेवते. चूल एका बाजूचीही पाहिली, दुसऱ्या बाजूचीही पाहिली. शिवाय घर बदलण्याची वेळ येते तेव्हा कागद पुरुषांच्या नावाचा असला, तरी भांडी बांधावयाची, शाळा बदलावयाची, नव्या शेजाऱ्यांशी जुळवून घ्यावयाचे, हे सारे बायकांच्याच वाट्याला येते. म्हणून हा विषय बायकांचाही आहे, असे मला वाटते.

आपले कन्हान हे कामासाठी आलेल्या माणसांचे गाव. कोळशाच्या खाणी, कारखाने, रेल्वे आणि नदीपलीकडची कामठी, यांच्या आधाराने कोणी भंडाऱ्याहून आले, कोणी बालाघाट-छिंदवाड्याकडून आले, कोणी उत्तरेकडून आले. प्रत्येकाने येताच प्रथम शोधली ती किरायाची खोली. आपल्यापैकी किती जणींनी पहिली गुढी दुसऱ्याच्या दारात उभारली असेल, हे हात वर करावयास सांगितले तर अर्धे सभागृह हात वर करील. आणि उरलेल्या अर्ध्या जणींच्या घरी आज कोणीतरी किरायदार राहत असेल. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते एका बाजूचे नाही. मालकीणही आपलीच आणि किरायदारीणही आपलीच.

प्रथम थोडा इतिहास सांगते, कारण त्यावाचून आजच्या माणसांच्या मनातील भीती समजत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची फार टंचाई झाली. आपला प्रदेश तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. तेथे १९४६ साली घरे भाड्याने देण्याबाबतचा कायदा झाला, आणि त्याच्या आधारे १९४९ साली घरभाडे नियंत्रणाचा हुकूम निघाला. त्या हुकुमाप्रमाणे, भाडेकरार संपवण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकाला रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी काढावी लागे. पुढे १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण आपल्याकडे तोच १९४९ चा हुकूम चालू राहिला. मुंबई-पुण्याकडे मात्र १९४७ चा मुंबईचा भाडेकायदा होता. एकाच राज्यात घरभाड्याचे वेगवेगळे कायदे, अशी स्थिती कित्येक वर्षे होती. अखेर १९९९ साली सर्व राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला. जुने कायदे त्याने रद्द केले.

या जुन्या काळाने एक गोष्ट मालकांच्या मनात पक्की बसवली. एकदा खोली दिली की ती परत मिळणे कठीण. मुंबईत तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लोक नुसत्या परवानगीने, म्हणजे लायसन्सने, घरात राहत होते त्यांना भाडेकरू मानण्यात आले. ज्यांना आसरा मिळाला त्यांचे भले झाले. पण पुढे कित्येक मालकांनी घराला कुलूप लावून ठेवणे पसंत केले. अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी नवा कागद, ‘कायमचे राहू नका’ असा सूर, या सगळ्याचे मूळ त्या भीतीत आहे. मालकीण दुष्ट असते म्हणून ती अकरा महिने म्हणत नाही. तिने आपल्या सासऱ्याच्या काळातील कज्जे पाहिलेले असतात.

आता अकरा महिनेच का, हेही सांगते, कारण मला हे अनेकींनी विचारले आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणे आणि नोंदणीच्या १९०८ च्या कायद्याप्रमाणे, एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. नोंदणीची यातायात टाळण्यासाठी लोकांनी वर्षाला एक महिना कमी केला, आणि ती रीतच पडून गेली. परंतु भगिनींनो, महाराष्ट्रात आता त्या एका महिन्याने काही वाचत नाही. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा लागतो आणि तो नोंदवावा लागतो, मग मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते. ते खोटे आहे असे सिद्ध करणे मालकाकडे येते.

येथे दोन शब्दांचा फरक ध्यानात घ्यावा. भाडेकरू वेगळा आणि लायसन्सवर राहणारा वेगळा. भाडेकरूला घरात हक्क मिळतो. तो ठरलेले भाडे देत असेल आणि अटी पाळत असेल, तर मुदत संपली एवढ्याच कारणाने त्याला काढता येत नाही. कायद्यात कारणे दिलेली आहेत: भाडे थकवणे, पोटभाडेकरू ठेवणे, घराची नासधूस करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, मालकाला स्वतःला खरोखर गरज असणे. भाडे थकले तरी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस वाट पाहावी लागते. मालकाने स्वतःच्या गरजेचे कारण सांगितले तर घर सोडल्याने कोणाला अधिक त्रास होईल, हेही न्यायालय पाहते. लायसन्सवर राहणाऱ्याला मात्र ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी असते. मुदत संपली की परवानगी संपली. आज आपल्याकडे बहुतेक करार याच दुसऱ्या प्रकारचे होतात. हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नावे दिलेल्या गावांना लागू होतो. जेथे तो लागू नाही तेथे १८८२ चा कायदा चालतो, आणि महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्यास पंधरा दिवसांची नोटीस लागते. आपल्याकडे तर एका रस्त्याच्या अलीकडे नगरपरिषद आणि पलीकडे ग्रामपंचायत असते. तेव्हा आपले घर कोणत्या हद्दीत आहे, हे घराच्या कराच्या पावतीवर पाहून ठेवावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. लीव्ह अँड लायसन्सच्या कराराची शेवटची तारीख उजाडते तेव्हा काय होते?

पहिली गोष्ट, करार आपोआप वाढत नाही. किराया दिला आणि मालकिणीने घेतला, म्हणजे पुढचे वर्ष ठरले, असा आपला गोड समज असतो. तसे होत नाही. पुढे राहावयाचे असेल तर नवा करार करून तो पुन्हा नोंदवावा लागतो. दुसरी गोष्ट, मुदत संपूनही लायसन्सवर राहणाऱ्याने घर सोडले नाही तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि घर सोडेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. पाच हजारांच्या खोलीचे महिना दहा हजार. कोणत्याही मध्यम घराला हे परवडण्यासारखे नाही. तिसरी गोष्ट, मालकालाही जबरदस्तीचा अधिकार नाही. कुलूप लावणे, सामान रस्त्यावर काढणे, वीज-पाणी तोडणे हा घर रिकामे करून घेण्याचा मार्ग नव्हे. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास १९९९ च्या कायद्यात स्पष्ट मनाई आहे. आणि भाडेकरूला कायद्याचा मार्ग सोडून घराबाहेर काढले, तर त्याला सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात ताबा परत मागता येतो.

ही तिसरी गोष्ट मी पुस्तकातून शिकले नाही. सन २००३ च्या मे महिन्यात आमच्या त्या वेळच्या मालकांनी किराया वाढवून मागितला. आम्ही दोन महिन्यांची सवड मागितली, तर त्यांनी पाण्याची मोटर बंद केली. कन्हानचा मे महिना काय असतो हे आपणांस सांगावयास नको. घरात दोन लहान मुले आणि पाहुणी आलेली सासू. तीन दिवस मी शेजारून कळशीने पाणी आणले. तिसऱ्या दिवशी दुपारी आळीतील दोन वडीलधाऱ्या काकू मालकीणबाईंकडे जाऊन बसल्या. त्या काय बोलल्या मला ठाऊक नाही, पण चहा होईपर्यंत मोटर सुरू झाली होती. ऑगस्टमध्ये आम्ही ती खोली सोडली, आणि निरोप घेताना मालकीणबाईंनी माझी ओटी भरली. भांडण दोन घरांचे नव्हते. कागदावर किराया किती वाढणार आणि कधी, हे लिहिलेले नव्हते, एवढेच त्याचे कारण होते.

आपल्याच मंडळातील दोन भगिनींची हकीकत सांगते. दोघींनीही सांगण्यास परवानगी दिली आहे. नावे मी घेणार नाही.

पहिल्या भगिनीचे यजमान हिवाळ्यात अचानक वारले. खोलीचा करार त्यांच्या एकट्याच्या नावावर, मुदत मार्चअखेर संपणारी, आणि मुलगी दहावीला. तेराव्यानंतर मालकांचे चिरंजीव आले आणि म्हणाले, “वहिनी, करार भाऊंच्या नावाचा होता. आता तुम्ही महिनाअखेर खोली रिकामी करा.” हा मुलगा बोलला ते ऐकून आपल्याला राग येतो. पण कायद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील माणसाला भाडेकरूचा हक्क मिळू शकतो. लायसन्स मात्र त्या माणसापुरती परवानगी असते, ती वारशाने चालत येत नाही. तथापि महिनाअखेर सामान बाहेर काढण्याचा अधिकार त्या मुलालाही नव्हता. आपल्या दोघी-तिघी जणी त्या बाईंबरोबर मालकांकडे गेल्या. भांडण केले नाही, धमकी दिली नाही. पाच महिन्यांचा नवा करार बाईंच्या नावाने करावा, मुलीची परीक्षा होऊन निकाल लागेपर्यंत राहू द्यावे, अनामत पूर्वीचीच धरावी, एवढेच मागितले. म्हाताऱ्या मालकांनी ते मान्य केले. करार नोंदवला. जूनमध्ये मुलीचा निकाल घेऊन त्या बाई माहेरच्या गावाजवळ राहावयास गेल्या, आणि अनामत पैन् पै परत मिळाली.

यातून मी एक गोष्ट उचलली आहे, ती आपणही उचलावी. करारात पती आणि पत्नी दोघांची नावे घालावीत. सहीसाठी दोघांनी जावे लागते, एवढाच त्रास. एक नाव गळाले तरी दुसरे उभे राहते.

दुसरी भगिनी मालकीण आहे. वय सत्तरीच्या पुढचे, मूलबाळ परगावी, आणि पुढच्या दोन खोल्यांच्या किरायावर तिचे औषधपाणी चालते. तिने ओळखीच्या माणसाला विश्वासाने खोल्या दिल्या. मुद्रांकाच्या कागदावर चार ओळी लिहून नोटरीचा शिक्का मारला आणि नोंदणी केली नाही. अकरा महिने झाले, वर्ष झाले, दोन वर्षे झाली. आधी किराया उशिरा येऊ लागला, मग येईनासा झाला. घर सोडा म्हटले तर तो म्हणू लागला, “आजी, मी लायसन्सवर नाही, मी तुमचा भाडेकरू आहे.” नोंदलेला कागद नाही, तेव्हा उत्तर काय देणार? नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे तिला तेव्हा कळले. अखेर विनामूल्य वकील मिळाला, प्रकरण लोकअदालतीत तडजोडीने मिटले, आणि आठ महिन्यांनी खोल्या रिकाम्या झाल्या. थकलेल्या रकमेपैकी निम्मी तिने सोडून दिली. ती निम्मी रक्कम म्हणजे तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे पैसे होते. म्हातारी बाई सहा महिने एका डोळ्याने स्वयंपाक करीत होती.

विनामूल्य वकिलाची गोष्ट आली म्हणून सांगते. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते, तालुक्याला समिती असते. तेथे साध्या कागदावर अर्ज करता येतो. हा दानधर्म नाही. हा आपला हक्क आहे आणि तो मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

अशीच आणखी एक तरतूद प्रत्येकीला ठाऊक असावी. किरायाचे घर नवऱ्याच्या नावावर आहे, आणि घरात छळ होतो आहे, अशा वेळी ‘घर माझ्या नावाचे, चालती हो’ हे वाक्य पुष्कळदा ऐकू येते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क बाईला दिला आहे. सामायिक घर किरायाचे असले तरी तो हक्क आहे. न्यायदंडाधिकारी नवऱ्याला तशाच दर्जाचे दुसरे घर देण्याचा किंवा त्याचे भाडे भरण्याचा हुकूम करू शकतात. करारावर नाव नाही म्हणून बाई बेघर होत नाही.

आपल्याकडे अनेक घरे कंपनीच्या किंवा रेल्वेच्या क्वार्टरांत आहेत. ते घर नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते. कोळशाच्या खाणी १९७३ साली राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि सरकारी कंपन्यांची घरे सार्वजनिक जागांच्या १९७१ च्या कायद्याखाली आली. तेथे १९९९ चा भाडेकायदा चालत नाही. मुदतीनंतर राहिल्यास इस्टेट ऑफिसरची नोटीस येते. तिला लेखी उत्तर द्यावयाचे असते, आणि त्याच्या हुकुमावर जिल्हा न्यायाधीशांकडे बारा दिवसांत अपील करावे लागते. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने नोकरीच्या घरांबाबत ही रीत आणखी झटपट केली आहे. म्हणून माझी विनंती आहे, यजमानांच्या निवृत्तीची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. तीस वर्षे ज्या अंगणात तुळस वाढवली ते अंगण एका तारखेला सोडावे लागते, याचे दुःख मोठे आहे. पण ती तारीख नोकरी लागली त्या दिवसापासूनच ठरलेली असते. निवृत्तीच्या एक वर्ष आधी घराचा शोध सुरू केला, तर शेवटच्या महिन्यात मिळेल ती खोली पत्करावी लागत नाही.

काही घरे नझुलाच्या जमिनीवर असतात. तेथे घर आपले, पण जमीन सरकारची, आणि पट्टा बहुधा तीस वर्षांचा. सासऱ्यांनी घेतलेला पट्टा कधी संपला हे सुनेला माहीत नसते. घर विकावयास किंवा कर्ज काढावयास गेले की कळते. राज्य सरकारने २०१९ साली असे पट्टे मालकी हक्कात बदलण्याचे नियम केले, आणि २०२४ साली नागपूर व अमरावती विभागांतील रहिवासी नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना आणली. ज्यांच्या घरी जुना पट्टा पेटीत आहे त्यांनी तो काढून त्यावरची तारीख वाचावी, वारसांची नावे लागली आहेत का ते पाहावे, आणि योजना चालू आहे किंवा कसे, हे तहसील कार्यालयात विचारावे.

आता थोडे व्यवहाराचे बोलते. घर सोडावयाचे असो की पुढे राहावयाचे असो, बोलणे दोन महिने आधी सुरू करावे. शेवटच्या आठवड्यात निघालेल्या विषयातून भांडणच निघते. किराया किती वाढणार ते आधी ठरवून कागदावर लिहावे. लायसन्सची रक्कम दोघांनी मिळून ठरवावयाची असते. पूर्वापार भाडेकरू असेल तर कायद्याने मालकाला वर्षाला शेकडा चार वाढ मागता येते. करार नोंदवण्याचा खर्च फार आहे, असा गैरसमज आहे. मुद्रांक शुल्क एकूण किरायावर हजाराला अडीच रुपये आहे. पाच हजारांच्या खोलीचा अकरा महिन्यांचा किराया पंचावन्न हजार, त्यावर एकशे साडेसदतीस रुपये. अनामतीवर धरलेल्या व्याजाचे थोडे अधिक. नोंदणीची फी शहरी हद्दीत एक हजार आणि ग्रामीण हद्दीत पाचशे. हे काम आता संगणकावरून घरबसल्याही होते. दोघींनी निम्मे निम्मे वाटून घेतले तर कोणालाही जड नाही. एका कज्ज्याच्या एका तारखेला याहून अधिक खर्च होतो.

ज्यांची मुले शाळेत जाणार आहेत त्यांना आणखी एक कारण आहे. आरटीईच्या प्रवेशाला किरायाने राहणाऱ्या पालकांकडे नोंदणीकृत करार मागतात. कागद नसेल तर हक्काची जागा जाते.

किराया रोख दिला तर पावती घ्यावी, मोबाईलवरून दिला तर त्याची नोंद जपावी. अनामत किती, ती कधी आणि कशी परत करावयाची, रंगकाम कोणाकडे, हे लिहून घ्यावे. केंद्र सरकारने २०२१ साली भाड्याच्या घरांविषयी एक नमुना कायदा मंजूर केला. त्यात रहिवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्यावाचून तो लागू होत नाही. तरी अनामत किती असावी याचा अंदाज म्हणून तो उपयोगी आहे.

घर सोडण्याच्या दिवशी दोघींनी मिळून खोल्या पाहाव्यात. पंखे, नळ, खिडक्यांच्या काचा, दाराच्या कड्या मोजाव्यात. विजेच्या मीटरचा आकडा लिहून घ्यावा. शेवटचे बिल, नगरपरिषदेचे पाणी, गॅस, सगळे मिटवून किल्ली द्यावी, आणि किल्ली दिल्याची चिठ्ठी घ्यावी. मालकिणीने त्याच वेळी अनामत परत करावी. ‘पुढच्या महिन्यात देते’ असे म्हणून राहिलेली अनामत अनेक जुनी स्नेहबंधने तोडते. रेशनकार्ड, बँक, आधार, मतदारयादी यांवरचा पत्ता लगेच बदलावा.

एवढे सारे कागदाचे बोलणे ऐकून एखादीला वाटेल, शेजारधर्म राहिला कोठे? माझा अनुभव सांगते. माझ्या मागच्या खोल्यांतील पहिल्या मुलीचा करार मी नोंदवला, तेव्हा ती थोडी खट्टू झाली. म्हणाली, “काकू, विश्वास नाही का?” मी तिला म्हटले, “बाळ, विश्वास आहे म्हणून तर लिहून देते. उद्या मी नसले आणि माझी मुले आली, तर त्यांना आपल्या दोघींचे बोलणे कसे कळणार?” ती चार वर्षे राहिली. चार वेळा करार झाला, चार वेळा दोघींनी खर्च वाटून घेतला. तिची मुलगी याच घरी रांगायला लागली, आणि अजूनही संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन येते. कागदाने आमचे काही बिघडवले नाही. उलट जे बोलावयास संकोच वाटतो ते कागदाने आधीच बोलून टाकले, आणि आम्हांला बाकीचे बोलावयास वेळ मिळाला.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्याकडे भिशीची वही आहे, हळदीकुंकवाची यादी आहे. त्यांच्याजवळ एक ‘तारीखवही’ ठेवावी. ज्या भगिनीची इच्छा असेल तिने त्यात आपल्या कराराची, यजमानांच्या निवृत्तीची, किंवा जुन्या पट्ट्याची शेवटची तारीख लिहावी. किरायदारीण असो की मालकीण. चिटणीसबाईंनी तीन महिने आधी तिला आठवण द्यावी. आणि किल्ली देण्या-घेण्याच्या दिवशी, कोणी बोलावल्यास, मंडळातील दोघी जणींनी जाऊन बसावे. कोणाची बाजू घेण्यासाठी नाही, नुसते बसण्यासाठी. २००३ साली माझ्या आळीतल्या दोन काकूंनी जे केले ते त्यांनी कोणत्याही कायद्याच्या आधाराने केले नव्हते. ते आपण सर्वजणींनी ठरवून, नियमाने करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. आपण विंचू नाही. आपल्या बिऱ्हाडात मुलांची पुस्तके आहेत, म्हाताऱ्यांची औषधे आहेत, देवघर आहे. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावयाचे तर निदान दिवसाउजेडी, सन्मानाने आणि हिशेब चुकता करून न्यावे. आणि ज्या मालकिणीच्या छपराखाली आपण चार वर्षे काढली, तिचे घर तिला तिच्या गरजेच्या वेळी परत मिळावे.

तारीखवहीचे पहिले पान आज टेबलावर ठेवले आहे. माझ्या मागच्या खोल्यांच्या कराराची तारीख मी त्यात सर्वांत वर लिहिली आहे.